उन्हाळ्यात द्वीपकल्प

"मुख्यभूमीवर पाऊस आहे का?"

सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी डोंग्यातून उतरत होतो. एक पाय चिखलात, एक अजून डोंग्यात, बगलेत ग्रामपंचायतीचं दप्तर. मुख्यभूमी म्हणजे कुठली हे मला क्षणभर कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तर पाण्यापलीकडे आमचं गाव दिसत होतं. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, मोबाईलचा टॉवर. जोरात हाक मारली तर ऐकू जावं इतकं जवळ.

"नाही सर, तिकडे कोरडंच आहे."

"इथे दुपारी शिडकावा झाला," ते समाधानाने म्हणाले. "बेटाचं हवामान वेगळं असतं."

मी तेव्हा या गावात ग्रामसेवक म्हणून नुकताच बदलून आलो होतो. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. त्यामुळे बेटावरची माझी पहिली फेरी डोळे मिटूनच झाली होती. पुढे याच बेटाला रस्त्याने जोडायचा ठराव माझ्याच हातून लिहिला गेला. सरांचं बेट राहणार की जाणार, हा प्रश्न एक दिवस सरांच्याच पुढ्यात आला. तो दिवस आठवला की अजूनही मला आधी अपराधी वाटतं आणि मग बरं वाटतं. अपराधी वाटणं ही माझी खोडच आहे. कुणाच्या घराचा दाखला एक दिवस उशिरा गेला तरी मला जेवण गोड लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही नोकरी करत नाही, प्रायश्चित्त घेता. असो. हे सरांबद्दल आहे.

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, हे सरांना मान्य होतं. "पण बेटाला समुद्रच लागतो असं कोणत्या व्याख्येत आहे?" असं ते विचारत. मेहकर तालुक्यात आमच्या बाजूला धरण झालं तेव्हा नदीकाठचं गाव उठवून वर पठारावर वसवलं. मधली एक टेकडी मात्र बुडीत रेषेच्या वर राहिली, म्हणून सरकारने ती घेतली नाही. टेकडीवरची घरं तिथेच राहिली. पावसाळ्यात धरण भरलं की फुगवट्याचं पाणी तिच्या चारी बाजूंनी येऊन उभं राहायचं आणि जवळजवळ होळीपर्यंत हलायचं नाही. दहा-अकरा घरं, वांगी, भेंडी, गवार, एक विहीर, एक मोठा कडुनिंब. कागदोपत्री ती आमच्या गटग्रामपंचायतीतली वेगळी वाडी आणि वेगळा वार्ड. त्या वार्डाचे मेंबर म्हणजे सर.

सरांनी डोणगावच्या बाजूला एका शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. टेकडीवर त्यांची वडिलोपार्जित शेती होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे दोन खोल्या बांधल्या आणि राहायला गेले. "आयुष्यभर भूगोल शिकवला, पण भूगोल आपल्या नावावर नव्हता," असं ते म्हणत. "आता सातबारा आहे."

समुद्र त्यांनी एकदाच, शाळेच्या सहलीत पाहिला होता. कसा वाटला असं मी विचारलं तर म्हणाले, "पाणी फार होतं."

कर्कवृत्त आपल्या उत्तरेकडून जातं, म्हणजे आपण उष्ण कटिबंधात, म्हणजे हे उष्ण कटिबंधातलं बेट, हा हिशेब ते आल्या-गेल्याला समजावून देत. उष्ण कटिबंधातल्या बेटावर नारळ हवेत, म्हणून त्यांनी नारळाची रोपं आणून लावली. त्यातली दोन जगली. त्यांना नारळ लागलेले मी कधी पाहिले नाहीत, पण दुपारी सर त्यांच्याच सावलीत खुर्ची टाकून बसत. सावली इतकी विरळ की सारखी खुर्ची सरकवावी लागायची. कडुनिंबाची गार सावली दहा पावलांवर असे. तिकडे बसा ना, असं म्हटलं तर म्हणत, "कडुनिंब तर मुख्यभूमीवरही आहे."

बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपल्या डोंग्यात चढल्या की ती ‘निर्यात’. मीठ, तेल, मोबाईलचे रिचार्ज ही ‘आयात’. धरणाचे दरवाजे उघडून पाणी उतरलं की ‘ओहोटी’. डोंगा लागायचा ती चिखलाची जागा ‘बंदर’. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा थट्टा करतोय. पण सर थट्टा करत नव्हते. शब्द वापरले नाहीत तर गंजतात, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

उन्हाळा हा त्यांचा वाईट काळ. पाणी उतरलं की गावाच्या बाजूने जमिनीची एक चिंचोळी पट्टी उघडी पडायची आणि माणसं, शेळ्या, गावची कुत्री, सगळी चालत यायला लागायची. "सध्या आम्ही द्वीपकल्प आहोत," सर पडेल आवाजात सांगत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, मेहकरला मुलाकडे राहायच्या. त्यांना डोंग्याची माझ्याइतकीच धास्ती. त्या फक्त उन्हाळ्यात, पायी यायच्या. त्यामुळे ज्या दिवसांत सरांचं बेट जायचं त्याच दिवसांत त्यांची बायको यायची, आणि नेमकं कोणतं तोंड करावं ते सरांना कळायचं नाही. काकू पिशव्या खाली ठेवता ठेवता विचारायच्या, "काऊन हो, मी आली म्हणून तोंड पडलं का पाणी गेलं म्हणून?"

दर शनिवारी संध्याकाळी सर बेटाची सभा घेत. कायद्यात अशी सभा नाही, हे मी त्यांना एकदा दबकत सांगितलं. ते म्हणाले, "कायद्यात नाही म्हणजे मनाई नाही." सभा कडुनिंबाखाली. घरटी एक माणूस आलंच पाहिजे. विहिरीची पाळी, डोंग्याची डागडुजी, कुणाची बकरी कुणाच्या वांग्यात शिरली, असे विषय. सर अध्यक्ष. आणि त्यांच्यासमोर मांडी ठोकून बसायच्या त्या कांताबाई.

कांताबाई भाजी पिकवायच्या आणि स्वतः डोणगावच्या बाजारात नेऊन विकायच्या. रोज सकाळी बांधावरून "जय भीम, सर" म्हणत आणि लगेच भांडायला सुरुवात करत. सर काहीही मांडोत, त्यांचा पहिला शब्द "कायले?" असे, म्हणजे कशाला. सरांना याचा राग येत असेल असं मला वाटायचं. एकदा त्या बाजारहून उशिरा आल्या तेव्हा सरांनी सभा तासभर थांबवून धरली. "विरोधी पक्षाशिवाय सुरू केली तर ती सभा नाही, गप्पा आहेत," म्हणाले.

सरांच्या डोक्यातला भूगोल लोकांच्या डोक्यात कसा शिरतो, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. बेट म्हटलं की एकाहून जास्त वसाहती हव्यात, म्हणून त्यांनी दहा-अकरा घरांच्या दोन वस्त्या केल्या होत्या. चढावरची घरं वरची वस्ती, डोंग्याजवळची खालची. मधे पन्नास पावलंही नसतील. पहिल्यांदा लोक हसले. मग लग्नाच्या पत्रिकेवर ‘वरची वस्ती’ छापून आलं. मग पोरांच्या क्रिकेटच्या दोन टीम झाल्या. आणि मग पंचायतीकडून वाडीसाठी सौर दिव्याचा एक खांब मंजूर झाला.

मी खांब घेऊन गेलो तर बंदरावर सगळं बेट उभं.

"खांब वर बसन," वरच्या वस्तीतला एकजण म्हणाला. 

"वर कायले?" खालच्या वस्तीतल्या कांताबाई म्हणाल्या. "तुमच्या इथं अंधारात काय माकडं येऊन राह्यले? इथं लोक डोंग्यातून उतरते. पाय घसरला म्हंजे?"

"खालचे लोक दर खेपेला पुढं!"

"अरे पण खालचे-वरचे केव्हापासून झाले बे तुम्ही?" मी न राहवून विचारलं. "मागच्या साली तर सगळे एकच होते!"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर छत्रीच्या टोकाने मातीत रेघा मारत होते. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा ओशाळलेलं पाहिलं. आपण नकाशावर रेघ काढली आणि ती जमिनीवर उमटली, याचा आनंद आणि धास्ती दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर होती. शेवटी खांब दोन्ही वस्त्यांच्या बरोबर मधे, कडुनिंबाखाली बसला. डोंग्यालाही उजेड नाही, वरच्या घरांनाही नाही. पण संध्याकाळी सगळे तिथे येऊन बसायला लागले. बायका भाजी निवडायला, पोरं अभ्यासाला. शनिवारची सभा रोजचीच झाली. सर मला म्हणाले, "नियोजन चुकलं, पण राजधानी तयार झाली."

आता त्या ठरावाबद्दल.

सरांच्या बेटाला एक मोठी अडचण होती, आणि ती सरांनाही माहीत होती. पावसाळ्यात, वारा सुटला की डोंगा चालत नसे. वाडीवर शाळा चौथीपर्यंतच, त्यापुढच्या पोरींना गावातल्या शाळेत यावं लागे. घरचे म्हणत, पाणी उतरू दे मग जा. पाणी उतरेपर्यंत वर्ष संपत आलेलं असे. सर त्या पोरींना घरी बसवून शिकवत, पण शाळा म्हणजे फक्त शिकणं नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आजारी माणसाचं तर विचारूच नका. मागच्या एका पावसाळ्यात ताप चढलेल्या म्हाताऱ्याला डोंग्यात आडवा घालून, वर ताडपत्री धरून आणलं होतं. तो वाचला, पण त्या दिवशी काठावर उभं राहून ते पाहताना मी मनाशी ठरवलं की इथे रस्ता व्हायला हवा. त्यात माझा स्वतःचाही थोडा स्वार्थ होता. मला पुन्हा डोंग्यात बसायचं नव्हतं.

मी प्रस्ताव लिहिला. चिंचोळ्या पट्टीवर मुरमाचा भराव टाकून रस्ता. धरणाच्या कार्यालयाची ना-हरकत आली, निधीही बसला. फक्त ग्रामसभेचा ठराव हवा होता. पण सरपंचांच्या मनात वेगळं होतं. त्यांना तोच पैसा गावातल्या सभामंडपाला वळवायचा होता, आणि तसं ते उघड बोलायचे. "दहा घरांसाठी रस्ता, अन् अख्ख्या गावाले बसाले जागा नाही." बेटाच्या मेंबरानेच खोडा घातला तर त्यांचं काम सोपं होणार होतं. आणि सर खोडा घालणार, याची गावात सगळ्यांनाच खात्री होती. रस्ता झाला की बेट संपलं.

गटग्रामपंचायतीत सभा प्रत्येक वाडीवर आळीपाळीने घ्यायची असते, असं सांगून सरांनी प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा बेटावर मागून घेतली. सरपंच वजनदार माणूस. डोंगा एका बाजूला कलला तसे ते दोन्ही हातांनी मला धरून बसले, मी त्यांना धरून बसलो, आणि कांताबाई वल्हं मारणाऱ्याला म्हणाल्या, "सावकाश रे बाबा, पंचायत बुडन!"

कडुनिंबाखाली गावातली माणसं, बेटावरची माणसं, रस्त्याचं काम पाहणारे इंजिनियर, सगळे बसले. मी प्रस्ताव वाचला. सगळे सरांकडे बघत होते. सर उठले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला छोटा झेंडा लावला होता.

"एक प्रश्न आहे," ते इंजिनियरना म्हणाले. "रस्त्याखालून पाणी जाणार का?"

"नाही सर, सलग भराव आहे. दोन्हीकडे एकच पाणी. त्याले इकडून तिकडं जाऊन काय करायचं?"

लोक हसले. सर हसले नाहीत. "खाली सिमेंटच्या नळ्या टाकल्या तर?"

"टाकता येते. पण मग इस्टिमेट बदलते, मंजुरी पुन्हा वरून. यंदाचा पैसा परत जाईल."

मला कळलं सर काय मागत होते. खालून पाणी गेलं तर चारी बाजूंनी पाणी राहिलं. वर रस्ता, खाली बेट शाबूत. एवढंच त्यांना हवं होतं. कुणाच्या शाळेच्या, दवाखान्याच्या आड त्यांना यायचं नव्हतं. प्रस्ताव लिहिताना मी नळ्यांचा विचारच केला नव्हता, आणि केला असता तर त्या तेव्हाच बसवता आल्या असत्या.

सरपंचांचा चेहरा उजळला. "सरांची सूचना एकदम बरोबर आहे. घाई कायची? पुढच्या वर्षी नळ्यासकट करू. यंदाचा पैसा परत जाण्यापेक्षा सभामंडपाले घेऊ. सचिव साहेब, लिहा."

मी पेन उघडलं नाही.

कांताबाई उठल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "सर, एक विचारू का? माह्या सुनेले दिवस गेले. भादव्यात बाळंत होईन. भादव्यात धरण गच्च भरलं राह्यते. तुमच्या नळ्यातून पुढच्या वर्षी पाणी जाईन. पण यंदा माही सून कशातून जाईन?"

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी पाण्याकडे पाहिलं. त्या दिवशी पाणी निळं होतं, अगदी पुस्तकातल्या नकाशासारखं. मला वाटलं, आता हे खाली बसतील आणि सगळं पुढच्या वर्षावर जाईल.

"नळ्यांची सूचना मी मागे घेतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सचिव साहेब, सूचक म्हणून माझं नाव लिहा. पूर्ण नाव लिहा."

"अनुमोदक?" मी विचारलं.

"मी. लिहा," कांताबाई म्हणाल्या.

सरपंचांनी इकडेतिकडे पाहिलं. गावातल्या बायकांचेही हात वर झाले होते. ठराव झाला.

चहा फिरत असताना कांताबाई सरांजवळ गेल्या. "रागावले का सर?"

"नाही. व्याख्या आठवत होतो."

"कायची?"

"द्वीपकल्पाची. तीन बाजूंनी पाणी."

"मंग तीन बाजू तं राह्यल्याच की!" कांताबाई म्हणाल्या. "एकच तं जाऊन राह्यली."

सर खो-खो हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात भराव झाला. मुरमाचा, अरुंद, एक रिक्षा कशीबशी जाईल एवढा. काकूंनी त्या वर्षी पावसाळा लागला तरी मेहकरला परत जायचं नाव काढलं नाही. पोरी सायकलींवर शाळेत यायला लागल्या. मी मात्र बेटावर जायचं टाळत होतो. काही ना काही कारण काढायचो. सरांना काय तोंड दाखवायचं, असं वाटायचं.

शेवटी भाद्रपदात वाडीच्या एका कामासाठी जावंच लागलं. दोन्हीकडे पाणी रस्त्याच्या कडेपर्यंत आलेलं. मी मधून मधून चालत होतो. अर्ध्या वाटेवर सर छत्री घेऊन उभे होते.

"या," ते म्हणाले. "फिरायला निघालो होतो."

मी जे महिनोन्महिने मनात धरून होतो ते बोलून टाकलं. म्हणालो, "सर, मला नळ्यांचं आधी सुचायला हवं होतं. प्रस्ताव मी लिहिला. तुमचं बेट माझ्यामुळे गेलं."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू वर्गात कुणी फारच सोपं उत्तर चुकवलं आहे. "तुम्ही काय धरणाचे मालक आहात का? बेट तुमच्यामुळे आलं नव्हतं, तुमच्यामुळे कसं जाईल?" मग त्यांनी छत्रीच्या टोकाने पाण्याकडे दाखवलं. "वाईट वाटतं. नाही असं नाही. सकाळी उठलो की आधी तिकडे नजर जाते, अन् तिथे रस्ता असतो. पण आता तुमची काकू चहा करते, मग तेवढं वाटत नाही."

तेवढ्यात गावाकडून हॉर्न वाजला. रिक्षा येत होती. पुढे ड्रायव्हरशेजारी कांताबाईंचा मुलगा, मागे त्या स्वतः, आणि त्यांच्या शेजारी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन सून. दवाखान्यातून घरी. ड्रायव्हरला आम्ही दोघं दिसलो. त्याने वेग कमी केला, पण रस्ता इतका अरुंद की बाजूला व्हायला जागाच नव्हती.

"सर, थोडं मागं सरका!" कांताबाई आतून ओरडल्या. "नातीले वारा लागते!"

मागे सरकायचं म्हणजे चालत पार टेकडीपर्यंत जायचं. सरांनी छत्री मिटली, पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली, चपला हातात घेतल्या आणि भरावाच्या उतारावरून खाली पाण्यात उतरले. पोटऱ्या बुडेपर्यंत. तळाच्या चिखलात पाय रोवून उभे राहिले आणि चपलांचा हात हलवून म्हणाले, "जाऊ द्या, जाऊ द्या. सावकाश."

मी क्षणभर रस्त्यावर उभा राहिलो. मग मीही बूट काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. सरांनी माझा दंड धरला. रिक्षा आमच्या डोक्यावरून गेल्यासारखी वरून हळूहळू गेली.